एका दमात किती आकडे

येडशी स्टेशनामागच्या लिंबाखाली दर सोमवारी अर्धा तालुका जमायचा आणि त्यातला निम्मा खोकत असायचा. दगडोबा महाराज तिथं दमा विझवत. रोग्यानं हातभर अंतरावरून पितळेच्या खोलगट दिव्यावर फुंकर मारायची. ज्योत ढिम्म हलायची नाही. मग झाडाभोवती सात फेरे, कानात मंत्र, आणि पुन्हा दिव्यासमोर. महाराज डोळे मिटून बसत, एकाएकी "फुंक!" म्हणून ओरडत, आणि रोग्यानं नुसता श्वास सोडला तरी दिवा विझे.

"दिवा इझला, दमा इझला! ज्याला देव हाय, त्याला दमा कशाला?" या तर्कशास्त्राला कुणी हरकत घेत नसे. बहुतेकांना बोलायपुरता दमच नसे.

अठ्ठावन्न सालच्या थंडीत सारजाबाई आपल्या सहा वर्षांच्या दमेकरी लेकीला, द्वारकीला घेऊन तिथं गेली. त्याआधी तिनं खटपट कमी केली नव्हती. धाराशिवच्या शब्बीर डॉक्टरांनी सोलापूरला पाठवलं होतं. तिथं फुप्फुसाचा जोर मोजायचं यंत्र होतं, नळीत जोरात फुंकायचं. द्वारकीला नळी तोंडात धरली की ठसका येई, मग रडू. परत आल्यावर डॉक्टर म्हणाले, "राहू द्या यंत्र. पोरीला आकडे येतात का?"

"ईसापत्तुर येत्यात."

"मग रोज सकाळी एका दमात म्हणायला लावा. बरी असली की पंधरापर्यंत जाईल. छाती आवळली की श्वास आखूड होतो, आकडे लवकर तुटतात. आठाच्या आत अडली, तर गोळी द्या आणि तडक इकडं आणा."

सारजाबाई तसं करत होती, पण मनात टोचायचं. भाकरी मोजू नये, लेकरं मोजू नयेत, नजर लागते, हे सासूनं तिच्यात पुरतं भिनवलं होतं. म्हणून दिवा विझल्यावर, आकड्यांचं तिच्याच तोंडून ऐकून महाराज जेव्हा म्हणाले, "लेकराचा दम मोजतीस? मोजलेलं सरतं, बाई," तेव्हा तिला आपली चोरी पकडल्यासारखं झालं. गोळ्या बंद झाल्या, आकडे बंद झाले. विझलेला दिवा महाराजांनी तिला देव्हाऱ्यात ठेवायला दिला. "आतलं सांडू नगंस, न्हायतर दमा जागा हुईल."

बाराव्या दिवशी द्वारकी गेली. आदल्या सकाळी तिनं धापा टाकत विचारलं होतं, "माय, आकडे म्हणू?" आणि सारजाबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला होता. त्या हाताचं काय करावं, हे तिला पुढं जन्मभर कळलं नाही.

पोरीनं प्राण सोडला त्या जागी रीतीप्रमाणं पीठ पसरून दिवा लावायचा होता. सारजाबाईनं महाराजांचाच दिवा घेतला. नवी वात घातली, वर पळीभर तेल ओतलं आणि दार लावून समोर बसली. काही वेळानं वात तडतडली आणि विझली. वारा नव्हता. फुंकणारी तर घरात उरलीच नव्हती.

तिनं आत बोट बुडवलं. वर तेलाचा तवंग, खाली सगळं पाणी. तेल सरलं की वातीला पाणी लागतं आणि दिवा आपसूक जातो. सात फेरे कशाला, महाराज डोळे मिटून कान कशाला देतात, सगळं तिला एकदम कळलं. फेऱ्यांत तेल सरायचं, आणि ते तडतड ऐकत होते.

सोमवारी सुतकातच ती लिंबाखाली गेली. रजियाबी नावाची बाई आयुबला कडेवर घेऊन पुढंच उभी होती. पोराची छाती शिट्टीसारखी वाजत होती. सारजाबाईनं घरून आणलेला महाराजांचा दिवा थोडं तेल घालून पेटवला आणि मधोमध ठेवला. "समदे लांब व्हा. कुनी फुंकू नगा." महाराज मंत्र म्हणायचे विसरले. दिवा तडतडला, विझला. तिनं तो उपडा केला आणि मातीत पाणी पसरलं.

मग ती रजियाबीकडं वळली. "त्याला एका दमात आकडे म्हनू द्या."

"मोजल्यानं नजर लागली तर?"

"मोजल्यानं कुनाचं लेकरू जात न्हाय. न मोजल्यानं माझं गेलं. डोळ्यांनी बगा, मोजा, इचारा, आन् मग काय मानायचं ते माना."

आयुबनं श्वास घेतला. "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा..." तिथंच तो अडला.

"आत्ताच्या आत्ता धाराशिवची मोटार धरा. शब्बीर डॉक्टरांना सांगा, सहावर अडला."

मोटार निघून गेली. सारजाबाई रस्त्याच्या कडेला उभी राहून हळू आवाजात सातापासून पुढं मोजत होती. पंधरापर्यंत गेली आणि मग खाली बसली.