अंधाराचा अर्ज

वडवणीजवळच्या गावात राहणाऱ्या विठ्ठलराव गुरुजींनी महिनाभर मोबाइलमधलं ॲप चाळून आकाशगंगेच्या फोटोचा मुहूर्त काढला: शनिवार, रात्री आठ. चंद्र नव्हता, ढगही नव्हते. आडवा येत होता फक्त चौकातला हायमास्ट दिवा. तो तासभर बंद ठेवा म्हणून ते सरपंच अमरसिंहांकडे गेले.

“गुरुजी, अंधार मागणारे तुमी पहिलेच. एवढं तर आमी सहज देऊ,” म्हणत सरपंचांनी वायरमनला फोन लावला. “शनिवारी आठला चौकातली लाईट घालव बे.”

लाईट सारखी जाते म्हणून सरपंच टोमणा मारतायत, असं वायरमनने अनुभवाने धरलं. एरवी दिवसातून चारदा जाणारी लाईट त्या शनिवारी रात्री, रविवारच्या पहाटेपर्यंत, एकदाही गेली नाही.

गुरुजींनी ॲपमधून पुढची तारीख काढली आणि कुणालाच सांगितली नाही. त्या दिवशी बरोबर आठला लाईट आपणहून गेली.