जवळचा ठिपका

माणसांच्या आतड्यातले जिवाणू स्क्रीनवर बघता यावेत म्हणून प्रयोगशाळेनं तिला डॅशबोर्ड बनवायला सांगितला होता. प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. दोघांच्या पोटातले जिवाणू जितके सारखे, तितके त्यांचे ठिपके जवळ. क्लिक केलं की जिवाणूंची यादी उघडायची आणि सगळ्यात जवळच्या ठिपक्याकडे रेघ जायची.

नमुने कमी पडले तेव्हा तिनं घरच्यांनाच कामाला लावलं. बाबांनी कुरकुरत डबी भरून दिली. काकांना वेगळं गाठावं लागलं, कारण दोघे भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. आजोबांचं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी साफ करायला उघडलं आणि ते पुन्हा चालू झालंच नाही, एवढंच निमित्त.

माहिती चढवल्यावर बाबांचा ठिपका काही केल्या दिसेना. तो काकांच्या ठिपक्याखाली होता.

तिनं तीन दिवस कोड धुंडाळला. दुसऱ्याच दोन चुका सापडल्या, त्या दुरुस्त केल्या. ठिपके जागचे हलले नाहीत.

"नमुन्यांची अदलाबदल झाली असेल का?" तिनं प्रयोगशाळेच्या मॅडमना विचारलं.

"दोनदा तपासले. एका घरातले आहेत का?"

"नाही. सख्खे भाऊ आहेत."

"नुसत्या तेवढ्यानं इतकं जुळत नाही. एका ताटात जेवणारे वाटतात."

घरी बाबा पेपर वाचत होते.

"बाबा, दुपारी फिरायला कुठे जाता?"

"फिरायला."

"काकांच्या दुकानात?"

बाबांनी पेपरची घडी घातली. "कोणी सांगितलं?"

"तुमच्या जिवाणूंनी."

"त्यांना कशाला हव्यात नसत्या चौकशा?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सहा वर्षांपूर्वी बाबा एकदाचा सोक्षमोक्ष लावायला दुकानात गेले होते. नेमकी जेवणाची वेळ. काकांनी चकार शब्द न काढता ताट मधे सरकवलं. बाबा जेवले आणि परत आले. भांडायचं राहिलं म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पुढे काकूनं मोठा डबा आणला; का, ते तिनंही बोलून दाखवलं नाही.

"म्हणजे तुमचं मिटलंय!"

"छे! मी बोलतो कुठे त्याच्याशी? फक्त जेवतो."

"आणि काकांना मीठ हवं असलं तर?"

"तर तो बघतो माझ्याकडे."

तिला हसू आवरेना. मग ती पाणी प्यायला आत गेली.

डॅशबोर्ड लोकांना दाखवायच्या दिवशी दोघेही आले, वेगवेगळे. पडद्यावर कोणाचंच नाव नव्हतं, पण आपला ठिपका दाखव म्हणून दोघे तिच्या मागे लागले. तिनं दोघांना एकाच स्क्रीनसमोर बसवलं आणि चित्र मोठं करत नेलं. शेवटी एका ठिपक्याचे दोन झाले. मधे केसाएवढी फट.

"थोडं अंतर आहे," काका स्क्रीनकडे बघत म्हणाले.

"आहे ना," बाबा म्हणाले.

नऊ वर्षांतलं ते पहिलं संभाषण. दोघांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण पुढचा अर्धा तास दोघेही गप्प बसून होते.