हौसेची लढाई

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फासा आहे. जुना म्हणालो, मोडका नव्हे. माझा एक कोपरा झिजला आहे आणि पाच ठिपक्यांच्या बाजूवर चहाचा डाग आहे, पण हवे तर टाकून बघा. सहा बाजूंपैकी कुणावरही माझा जास्त जीव नाही. प्रामाणिकपणाच्या बाबतीत मी थोडा आढ्यताखोर आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म दारे-खिडक्या करणाऱ्या एका सुताराच्या हातून झाला. त्याच्या मुलीकडे, म्हणजे भिंगरीकडे, खेळायच्या पुस्तकांची एक मालिका होती. भिंगरी हे तिचे खरे नाव नव्हे. घरात एका जागी कधी बसत नसे म्हणून वडिलांनी ठेवलेले. त्या पुस्तकांबरोबर आलेला प्लास्टिकचा फासा चिकट झाला म्हणून तिने धुवायला घेतला आणि तो बेसिनच्या जाळीतून खाली गेला. ती रडकुंडीला आली. बाबांनी दुसऱ्या दिवशी कारखान्यात टेबलाच्या एका मोडक्या पायाचा तुकडा शोधला आणि जेवणाच्या सुट्टीत मला कापायला घेतले.

तुम्हाला वाटेल, चौकोनी तुकडा आणि वर ठिपके, त्यात काय मोठेसे. पण सहाच्या बाजूला भोके जास्त, म्हणून ती बाजू हलकी होते आणि मग तीच सारखी वर येते. बाबांनी प्रत्येक भोकात काळी लाख भरून मला तोलले. मग पेल्यातल्या पाण्यात सोडून बोटाने गिरकी दिली. कधी दोन वर आले, कधी पाच, कधी एक. बाबा बराच वेळ बघत होते. शेजारी रंधा मारणाऱ्या सोबत्याने विचारले, "अहो, पोरीचा खेळ आहे की सोनं तोलताय?"

"खेळ आहे म्हणूनच," बाबा म्हणाले. "लबाड फासा असला की खेळण्यात मजा नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी तरी ते लक्षात ठेवले, आणि त्याचा मला पुढे फार त्रास झाला.

ती पुस्तके पाच भागांची होती. ती सरळ वाचायची नसतात. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक असतो आणि शेवटी तुम्हालाच विचारलेले असते, की पूल ओलांडणार की नदीत उतरणार? जे ठरवाल त्या क्रमांकाचे पान उघडायचे. तुमचा एक वीर असतो. त्याचे बळ आणि त्याच्या जिवाच्या रेघा एका कागदावर लिहिलेल्या असतात. लढाई आली की माझे काम सुरू. वीराचे बळ आणि त्याचे दान यांची बेरीज करायची, शत्रूचीही तशीच करायची. ज्याची बेरीज जास्त, त्याचा घाव. घाव बसला की एक रेघ खोडायची. रेघा संपल्या की वीर संपला. पण भाग जिंकला, तर तोच वीर पुढच्या भागात जायचा.

बाबांनी आपल्या वीराचे नाव ठेवले होते रंधाबहाद्दर. कागदावर सुतारी पेन्सिलीने जाड अक्षरात तसे लिहिलेही होते. भिंगरी मोठ्याने वाचायची आणि वीराचे दान टाकायची. शत्रूचे दान बाबा टाकायचे. त्या घराचा एक कडक नियम होता, पानात बोट ठेवायचे नाही. पुष्कळ मुले आधीच्या पानात बोट अडकवून ठेवतात आणि वीर मेला की हळूच मागे जातात. बाबांना ते अजिबात खपत नसे.

"बोट ठेवून लढायचं तर लढायचंच कशाला?" ते म्हणायचे. "मेला तर मेला. पहिल्यापासून सुरू करू."

या पुस्तकांत काही लढाया टाळता येत नाहीत आणि काही टाळता येतात. गुहेत राक्षस झोपलेला असतो. चवड्यांवर चालत पुढे गेलात तर तुमचे काही बिघडत नाही. पण लढायचेच असेल तर तोही क्रमांक दिलेला असतो. बाबा त्यांना हौसेच्या लढाया म्हणायचे. त्याच सगळ्यांत अवघड असतात, आणि जिंकल्यावर हाती काही फारसे येत नाही. कधी एखादे गंजके शिरस्त्राण, कधी नुसती शाबासकी. तरी बाबांनी एकही सोडली नाही. आई लाँड्रीत इस्त्रीचे काम करून दमून यायची, स्वयंपाकघरातून हे ऐकायची आणि म्हणायची, "झोपलेल्याला उठवून मार खायची हौस तुम्हालाच."

आता माझे दुखणे सांगतो.

दुसऱ्या भागात दलदलीतल्या अजगराशी हौसेची लढाई लागली. रंधाबहाद्दराची एकच रेघ उरली होती. भिंगरीला तीन पडले. मग बाबांनी मला टाकले आणि मी सहावर स्थिरावलो. खणखणीत, स्वच्छ सहा. खेळ संपला होता. भिंगरी त्या वेळी पुस्तकात मान घालून पुढचा क्रमांक शोधत होती. बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिले आणि अंगठ्याने मला हळूच कलते केले. मी दोनवर लवंडलो.

"दोनच पडले," बाबा म्हणाले. "वाचला बघ तुझा बहाद्दर."

मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाने मला पाण्यात गिरक्या देऊन पारखले, त्यानेच! बोट चालत नव्हते, अंगठा मात्र चालत होता. आणि हे एकदाच झाले असते तर मी गिळलेही असते. तिसऱ्या भागात झाले, चौथ्यात झाले. कधी पुलावरच्या पहारेकऱ्याशी, कधी जुळ्या लांडग्यांशी. भिंगरी तेवढ्यात नेमकी पान चाळत असायची, नाहीतर पेन्सिलीला टोक काढत असायची. मला वाटायचे, पोरगी किती भोळी आहे.

चौथ्या भागाच्या मध्यावर बाबा आजारी पडले. छातीत भुसा साठला होता म्हणा, किंवा आणखी काही. डॉक्टरांचे मोठे शब्द मला कळले नाहीत. त्यांचे कारखान्यात जाणे बंद झाले आणि खेळ पलंगावर आला. मला जेवणाच्या ताटात टाकायचे, म्हणजे मी घरंगळून खाली जात नसे. बाबांना बोलताना दम लागायचा, पण अंगठा शाबूत होता. चौथा भाग आम्ही जिंकला. त्या दिवशी बाबांनी पाचव्या भागाची पाने चाळली आणि एका चित्रावर बोट ठेवले. उंच घंटाघर, जिना, आणि वरच्या पायरीवर भाला घेऊन बसलेली लोखंडी बाई.

"ही राखणदारीण. सगळ्या मालिकेत हिच्याइतकं कठीण कुणी नाही."

"जिंकल्यावर काय मिळतं?" भिंगरीने विचारले.

"घंटा एकदा वाजवायला मिळते."

"बस्स? एवढंच?"

"एवढंच. पण मला वाजवायची आहे."

पाचवा भाग सुरू व्हायच्या आतच बाबा गेले. त्याबद्दल मी जास्त सांगत नाही. मी तेव्हा पलंगाखाली पडलो होतो आणि मला फक्त पाय दिसत होते.

पुढे पुस्तके कपाटावर गेली आणि मी आईच्या बटणांच्या डब्यात. लाँड्रीत कपड्यांची तुटलेली बटणे सापडायची, ती सगळी त्या डब्यात यायची. त्यांची संगत वाईट नव्हती, पण बोलणे एकाच विषयावर, आपण कुठल्या कोटावर होतो आणि तो कोट किती भारी होता. मी गप्प पडून राहायचो. न टाकलेला फासा म्हणजे नुसता लाकडाचा तुकडा असतो, हे मला तिथे समजले. माझा कोपरा झिजला तो खेळून नव्हे, पितळेच्या बटणांत घासून.

किती दिवस गेले ते सांगता येणार नाही. एकदा झाकण उघडले आणि भिंगरीचा हात आत आला. हात मोठा झाला होता. तिने पाचवा भाग काढला होता आणि ती एकटीच खेळणार होती.

मी आनंदलो, पण थोड्याच वेळात माझा विरस झाला. ती एकही हौसेची लढाई लढेना. विहिरीतला झोपलेला नाग? चवड्यांवर पुढे. आव्हान देणारा काळा स्वार? मान खाली घालून पुढे. मला दिवसातून एकदा-दोनदा टाकायची, तेही टाळता येण्यासारखे नसेल तेव्हाच. रंधाबहाद्दराचा कागद ती दोन्ही हातांनी धरायची. त्याच्या घड्या फाटायला आल्या होत्या, पण सुतारी पेन्सिलीचे अक्षर तसेच होते. तेव्हा कुठे माझ्या लाकडी डोक्यात उजेड पडला. हा वीर मेला की बाबांचा म्हणून तिच्याकडे काही खेळता यावे असे उरणार नव्हते. नियम तिला ठाऊक होता. मेला तर मेला.

मग घंटाघराचे पान आले. "जिना चढायचा नसेल तर तुम्ही फाटकातून बाहेर पडू शकता," असे तिथे लिहिले होते. भिंगरीने पुस्तक उघडे पालथे घातले आणि उठली. दुसऱ्या दिवशी उचलले, वाचले, पुन्हा पालथे घातले. असे सारखे चालले.

शेवटी एका सुट्टीच्या दुपारी आई शर्टाला बटण लावायला तिथेच येऊन बसली.

"हे पुस्तक केव्हाचं पालथं पडलंय. पाठ मोडेल त्याची," आई म्हणाली. "अडलंय कुठे?"

भिंगरीने चित्र दाखवले. आईने दोरा दाताने तोडला आणि चित्र नीट पाहिले.

"हीच का ती? तुझे बाबा हिचंच बोलायचे. नाही लढलीस तर काय होतं?"

"काही नाही. पुढे जाता येतं."

"आणि लढलीस तर?"

"मरेल बहुतेक. तिचं बळ बारा आहे, याचं दहा."

"मग जा की पुढे."

भिंगरी कागदाच्या फाटलेल्या घडीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "बाबांना घंटा वाजवायची होती. मी याला नुसतं जपून ठेवलंय, आई. हा आता काहीच करत नाही."

आईने शर्ट बाजूला ठेवला. "शत्रूचं दान कोण टाकायचं? बाबा ना? आण इकडे. मला त्यातलं कळत काही नाही, पण टाकता येईल."

मित्रांनो, तशी लढाई मी आजवर पाहिली नाही. आई मला इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी शिंपडावे तशी टाकायची. राखणदारीण घाव घालायची, बहाद्दर उठायचा. दोनदा बरोबरी झाली. रेघा खोडत खोडत शेवटी दोघांचीही एकेकच उरली. भिंगरीने मला मुठीत धरून फुंकर मारली आणि टाकले. पाच. दहा आणि पाच पंधरा. राखणदारिणीचे बळ बारा, म्हणजे आता आईला चार किंवा त्याहून जास्त पडले तर सगळे संपणार होते.

आईने टाकले. मी टेबलाच्या कडेपर्यंत गेलो, बटणांच्या डब्याला आपटून परत फिरलो आणि थांबलो. चार.

भिंगरीची मान पुस्तकात होती. आईने तिच्याकडे पाहिले. इस्त्रीने पोळलेला तिचा अंगठा पुढे आला. बाबांनी तिला कधीतरी हे सांगितले असणार. तिचा हात सराईत नव्हता. तिने मला इतक्या जोरात ढकलले की टेबलावर आवाज झाला. मी एकवर आडवा झालो.

"एक पडलं गं," आई म्हणाली. तिचा आवाज काही बरोबर लागला नाही.

"राहू दे, आई," भिंगरी पुस्तकातून मान न काढता म्हणाली. "चार आहेत."

आईने अंगठा मागे घेतला.

"बाबापण असंच करायचे. मला दिसायचं."

"दिसायचं? मग बोलली का नाहीस कधी?"

"त्यांना बरं वाटायचं. म्हणून मी पुस्तकात बघायचे."

मला मात्र इतकी वर्षे वाटत होते की हे फक्त मलाच ठाऊक आहे. माझा अपमान, माझा प्रामाणिकपणा, हेच मी कुरवाळत बसलो होतो, आणि ही पोर पेन्सिलीला नको असलेले टोक काढत बसायची. मला माझी फार लाज वाटली.

भिंगरीने मला उचलले आणि चार वर येतील असे पुन्हा ठेवले. बहाद्दराची शेवटची रेघ खोडली. मग दिलेल्या क्रमांकाचे पान उघडून तिने मोठ्याने वाचले. आवाज मध्येच चिरकला, पण तिने शेवटपर्यंत वाचले. "तू शूरपणे लढलास. तुझा प्रवास इथे संपतो." आई डोळे पुसत होती. भिंगरीने कागदाची घडी घातली, पाचव्या भागाच्या शेवटच्या पानात ठेवली आणि पुस्तक मिटले.

मग आई म्हणाली, "आणि ती घंटा?"

"पहिल्या भागापासून सुरू करावं लागेल." भिंगरीने कोरा कागद पुढे ओढला. "वीराचं नाव सांग. या वेळी तुझा."

आईने विचार केला. "इस्त्रीसम्राज्ञी," ती म्हणाली, आणि दोघी हसायला लागल्या. मला हसता येत नाही, म्हणून मी चारवर पडून राहिलो.

आता मी बटणांच्या डब्यात नसतो. पुस्तकाशेजारी एका वाटीत असतो. इस्त्रीसम्राज्ञी दलदलीत एकदा मेली, मग पुन्हा जन्मली. सध्या ती दुसऱ्या भागात आहे आणि झोपलेल्या प्रत्येकाला उठवते आहे.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुठल्यातरी डब्यात माझा एखादा भाऊबंद पडलेला असेल. त्याला बाहेर काढा, पुसा आणि खेळा. पडेल ते दान खरे माना. पण खेळताना एखाद्या मोठ्या माणसाचा अंगठा हळूच पुढे आला, तर लगेच ओरडू नका. लहान आहात तोवर पुस्तकात बघा. मोठे झालात की शांतपणे सांगा, की चार आहेत.