शुभ्रबाबांचं वस्त्र आणि दादाचं पितळी घड्याळ

सभागृहात खुर्च्या तीनशे आणि माणसं साडेतीनशे. भर दुपारचे चार वाजलेले, पण खिडक्यांवर जाड काळे पडदे ओढलेले आणि छताला जुने पिवळे दिवे लावलेले. समोर भिंतभर पांढरा पडदा होता. त्याच्या बाजूला, उंच खुर्चीत, शुभ्रबाबा.

शुभ्रबाबा माणसांचा पिवळेपणा काढत.

पद्धत ठरलेली होती. पीडित माणसाला व्यासपीठावर बसवायचं, त्याच्या खांद्यांवर एक शुभ्र वस्त्र पांघरायचं आणि बाबांच्या सिद्ध कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढायचा. फोटो लगेच पडद्यावर येई आणि सभागृह हळहळे. कारण माणूस हळदीच्या पातेल्यातून नुकताच बाहेर काढावा तसा दिसे.

"कॅमेऱ्याला देह दिसत नाही, बाळांनो," बाबा म्हणत. "त्याला दोष दिसतो."

मग बाबा डोळे मिटत. उजवा हात शालीखाली जाई, ओठ हलत, आणि बघता बघता पडद्यावरचा पिवळेपणा ओसरे. गाल गुलाबी होत, वस्त्र दुधासारखं पांढरं होई. लोक डोळे पुसत. स्वतःचे मोबाइल मात्र सगळ्यांनी बाहेर टोपलीत ठेवायचे. त्यांच्या लहरींनी दोष बुजतो, असं बाबांचं संशोधन होतं.

शेवटच्या रांगेत ताई बसली होती. ताईचा फोटो स्टुडिओ होता. पिवळे आलेले फोटो संगणकावर नीट करणं हे काम ती बावीस वर्षं करत होती. त्याला ती 'रंग सारखा करणं' म्हणायची, आणि त्यासाठी आजवर कुणी तिच्या पाया पडलं नव्हतं. उलट, "एवढंसंच तर काम, तेवढ्यासाठी संध्याकाळी यायचं का?" असं मात्र पुष्कळांनी विचारलं होतं.

पहिल्याच पीडिताच्या वेळी तिने कान टवकारले. पिवळेपणा जाण्याआधी बाबांच्या माइकमधून, शालीखालचा बारीक 'टिक' असा आवाज आला होता. ताईच्या दिवसाचे आठ तास त्याच आवाजात जात. माऊस होता तो.

ती तिथे आली होती दादासाठी.

दादा तिचा थोरला भाऊ. घड्याळं दुरुस्त करायचा. महिन्यापूर्वी त्याचे डोळे पिवळे झाले. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. पित्ताशयातला खडा नळीत अडकला होता. सोमवारी ऑपरेशन, आणि टाळलंत तर जिवावर बेतेल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मध्येच वहिनी त्याला शुभ्रबाबांकडे घेऊन गेली. दोन मिनिटांत दादाचा पिवळेपणा गेला. म्हणजे फोटोतला. तो फोटो दुकानात टांगून दादाने ऑपरेशनला नाही म्हणून कळवून टाकलं.

ताई भांडली. दादाने फोटोकडे बोट दाखवलं. "डोळे बघ माझे. पांढरेशुभ्र. पोट कापायला मी काय कलिंगड आहे?"

ताईने डोळे पाहिले, मग फोटोत दादाच्या हातात असलेलं घड्याळ पाहिलं. वडिलांचं खिशातलं घड्याळ. ते पितळी होतं. फोटोत ते स्टीलचं झालं होतं.

"दादा, घड्याळाला काय झालं?"

"त्याचीही शुद्धी झाली असेल," दादा म्हणाला. पण म्हणताना जरा चाचरला. चाळीस वर्षं घड्याळं हाताळलेला माणूस तो. पितळ कशाने बदलतं आणि कशाने नाही, हे त्याला ठाऊक होतं.

शुभ्र वस्त्र धुण्याची सेवा भक्तांकडे पाळीपाळीने येई. त्या आठवड्यात वहिनीची पाळी होती. वहिनीची कंबर धरली होती, म्हणून ताईने ते धुतलं. फार मन लावून धुतलं. शेवटच्या पाण्यात चिमूटभर हळद टाकली.

रविवारी सभागृह पुन्हा भरलं. दादा आणि वहिनी पुढच्या रांगेत. व्यासपीठावर भक्तमंडळाचे अध्यक्ष, निवृत्त पोस्टमास्तर, स्वतः बसले होते. पोटावर तळहात, चेहऱ्यावर कृतार्थता. वस्त्र पांघरलं गेलं. त्या पिवळ्या दिव्यांत ते नेहमीसारखंच दिसत होतं. फोटो पडद्यावर आला, पोस्टमास्तर पिवळेधमक. सगळं रीतीप्रमाणे.

बाबांनी डोळे मिटले. टिक.

पडद्यावर वस्त्र पांढरं झालं. पोस्टमास्तर निळे झाले. थोडेथोडके नाहीत, शाईच्या टाकीत बुडल्यासारखे. कान तर जांभळे.

मागच्या रांगा बघायला उभ्या राहिल्या.

"ही... नील अवस्था," बाबा म्हणाले. "लाखात एकाला प्राप्त होते." शालीखाली टिक झालं, मग टिकटिक. पोस्टमास्तर आणखी निळे झाले. त्यांनी घाबरून स्वतःचे हात पुढेमागे करून पाहिले.

ताई उठली आणि तिने खिडकीवरचा काळा पडदा सरकवला. चारचं ऊन आत आलं. पोस्टमास्तर होते तसे गव्हाळ होते आणि त्यांच्या खांद्यांवरचं शुभ्र वस्त्र फिकट पिवळं होतं.

"हळद घातली होती मी," ती म्हणाली. "बाबा, शाल काढता का जरा?"

बाबांनी शाल काढली नाही. पोस्टमास्तरांनी काढली. खाली माऊस होता.

ताईने कॅमेरा उचलून त्यावरचं सूर्याचं चिन्ह दाखवलं. "आपला डोळा दिव्याला सरावतो, म्हणून पिवळ्या उजेडातही पांढरा सदरा पांढराच वाटतो. तुमचे मोबाइलही बहुतेक वेळा आपले आपण सावरून घेतात, म्हणून ते टोपलीत. हा कॅमेरा मुद्दाम उन्हासाठी लावून ठेवलाय. या दिव्यांखाली तो कुणालाही पिवळंच दाखवणार. बाबांना बसवा, तेही पिवळे येतील. मग संगणकाला एवढंच सांगायचं, की हे कापड पांढरं आहे. कापडात जेवढा पिवळा जास्त, तेवढा तो सगळ्या फोटोतून काढून टाकतो. आज कापड मुळात पिवळं होतं. त्याने जरुरीपेक्षा जास्त काढला. राहिला तो निळा."

"आणि माझे डोळे?" दादाने विचारलं. आवाज अगदी खाली आला होता.

"तिथे नुसत्या कापडाने भागलं नाही. डोळे खरेच पिवळे होते ना. मग उरलासुरला पिवळा रंगच पुसून टाकला. त्यात घड्याळही गेलं. काढ बरं ते."

दादाने खिशातून घड्याळ काढलं आणि उन्हात धरलं. पितळी होतं. त्याने अंगठ्याने ते घासूनही पाहिलं. मग ताईने पर्समधला कोरा कागद त्याच्या डोळ्याशेजारी धरला आणि वहिनीला म्हणाली, "तूच सांग."

वहिनीने एकदा कागद पाहिला, एकदा डोळा. मग तिने दादाचा दंड धरला आणि दाराकडे निघाली. जाताना टोपलीतून मोबाइल उचलून तिने पहिला फोन डॉक्टरीणबाईंना केला. सोमवारची वेळ अजून मोकळी होती.

बाबा मागच्या दाराने गेले. दोन भक्त त्यानंतरही आठवडाभर नील अवस्थेची चौकशी करत होते. तो आजार सॉफ्टवेअरच्या आवाक्याबाहेरचा आहे.

दादा महिन्याने दुकानात परत बसला. खडा एका बाटलीत गल्ल्याशेजारी ठेवला आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो. भिंतीवरचा फोटो ताईने नीट करून दिला: घड्याळ पितळी, डोळे त्या दिवशी होते तसे पिवळे. दादानेच तसा मागितला. ताईच्या पाया अजूनही कुणी पडलेलं नाही. पोस्टमास्तर तर परवाच पासपोर्टचे फोटो घेऊन गेले आणि जाताना म्हणाले, जरा उजळ करता आले असते.

फोटोतला रंग काढणं सोपं आहे. ते शिकायला दोन दुपारी पुरतात. माणसातला रोग मात्र फोटोत नसतो, माणसात असतो, आणि तो डॉक्टरला दाखवावा लागतो. पुढच्या वेळी कुणी तुमच्यातला दोष भिंतभर करून दाखवला, तर हात जोडण्याआधी खिडकी उघडा आणि एक कोरा कागद शेजारी धरून पाहा. तेवढ्याने ज्याचा चमत्कार बिघडतो, त्याच्यापाशी चमत्कार नव्हताच.