वंशावळीतला पांढरा चौकोन

कोलशेतच्या त्या छापखान्यात संचिताकडे एकच काम होतं. गिऱ्हाइकाची फाइल प्लेटवर जाण्याआधी तपासायची. जोडाक्षरं तुटलीत का, फोटो छपाईत फाटून धूसर येतील का, कडेचा मजकूर कटिंगमध्ये उडेल का, एवढंच बघायचं. मजकूर काय आहे याच्याशी तिला देणंघेणं नसे.

त्या मंगळवारी एक कुलवृत्तान्त आला. डोंबिवलीच्या गुरुदत्तकाकांनी निवृत्तीनंतर सहा वर्षं खपून तो जमवला होता. एकशे चौदाव्या पानावरच्या वंशावळीत संचिताला एक पांढरा चौकोन सापडला. कागदही पांढराच, त्यामुळे तो सहजी दिसत नव्हता. सरकवला तर खाली नाव निघालं, ‘अंतरा, जन्म १९९१’. वरच्या ओळीत वडील म्हणून खुद्द काकाच होते.

डिझायनरची चूक असेल म्हणून तिने फोन लावला. काकांनी ऐकून घेतलं आणि चूक नाही, तसंच राहू द्या, म्हणाले. संचिताने वाद घातला नाही. नातेवाइकांना मोबाइलवर पाठवायच्या प्रतीत मात्र कुणी शोधलं तर नाव सापडेल, तेव्हा नकोच असेल तर मुळातून पुसावं लागेल आणि तसं लिहून द्यावं लागेल, एवढं तिने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास काका स्वतःच आले. तिने चौकोन काढून पान दाखवलं. मुलगी बारा वर्षांपूर्वी मनाविरुद्ध लग्न करून गेली, तेव्हापासून बोलणं नाही, हे त्यांनी दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगितलं.

“पुसू का?”

“नको. राहू द्या.”

“मग काका, बाकीच्या मुलींपुढे जावयाचं नाव आणि गाव आहे. इथे रिकामं आहे.”

“मला ठाऊक नाही. तेव्हा मी ऐकूनच घेतलं नव्हतं.”

फोन घेऊन ते बाहेर जिन्यात गेले. संचिताने तोवर मिठाईच्या खोक्याची फाइल उघडली. वीसेक मिनिटांनी ते परत आले, तेव्हा हातातल्या पाकिटावर पेनाने लिहिलेलं होतं, ‘प्रेम, शहाड’. खाली ‘मैथिली, वय सहा’.

“हिचं नाव कुठे बसेल?”

“तुमच्या वंशावळीत मुलींची मुलं घेतलेली नाहीत, काका.”

“हो,” ते म्हणाले. “तो नियम मीच केला होता.”

तिने जावयाचं नाव घातलं, एकेक अक्षर वाचून खात्री करून घेतली. काकांनी सही केली. एक प्रत कुरिअरने शहाडला पाठवता येईल का, असं विचारून ते लगेचच राहू द्या म्हणाले, छापून झाली की मीच नेऊन देईन.