खालचे डबे

त्रिशलानं ओट्याखालचं कपाट उघडलं. तुरीच्या डाळीचा डबा तिथं नव्हता. तो वरच्या फळीवर, तिच्या खांद्याशी होता. परवा तांदूळ वर गेले होते, त्याआधी पोहे. महिनाभर सासूबाई, जतनबाई, एकेक डबा हलवत होत्या आणि बोलत मात्र काही नव्हत्या.

सुनेच्या हातून स्वयंपाकघर काढून घ्यायचं तर ते असंच घेतात. महिन्यापूर्वी जतनबाई फोनवर तिच्या आईशी बोलत होत्या आणि तिला बघताच गप्प झाल्या, तेव्हापासूनच हे सुरू झालं होतं. आपल्याला माहेरी धाडायचं ठरलंय, अशी तिची खात्रीच झाली होती.

सायनसचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले. नाक मोकळं झालं, पण डावा गाल आणि कपाळ ठणकतच राहिलं. वाकलं की डोळ्यामागून कळ निघायची. अकोल्याला दोनदा स्कॅन झाला, दोन्ही साफ. घरातल्यांना हायसं वाटलं आणि तिथंच तिचा घात झाला. कागदावर नाही ते दुखणं कोण मानणार?

"रिपोर्ट तर नॉर्मल आहे ना," नवरा, नमन, म्हणायचा. प्रेमानंच म्हणायचा, त्याचाच जास्त राग यायचा. जतनबाई तर चारचौघींत बोलून गेल्या होत्या, "कामाच्या टायमालेच दुखते इचं."

आणि आज क्षमावाणी. धाकट्यांनी थोरांच्या पाया पडून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायची. नुसते हात जोडले तर घमेंड म्हणतील, वाकून कळ आली तर नाटक म्हणतील.

जतनबाई मंदिरातून आल्या. त्रिशलानं पदर सावरला, दात आवळले आणि ती पुढं झाली.

"थांब."

जतनबाईंनी खुर्ची ओढली, तिच्यावर पाय देऊन त्या थेट स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलावर चढल्या आणि पाय लांब करून बसल्या. याच टेबलावर कुणी बाजाराची पिशवी ठेवली तरी त्या घर डोक्यावर घ्यायच्या.

"आई, काय करून राह्यली तू?" नमन धावला.

"तू चूप राय." त्या त्रिशलाकडं वळल्या. "तुया आईले इचारलं होतं म्या, लहानपणी बी अशीच कन्हे का म्हणून. तर म्हणे, तापानं फणफणली तरी आमची पोरगी कोणाले सांगे नाही."

त्यांची पावलं त्रिशलाच्या पोटाशी आली होती. मागच्या फळीवर पोहे, तांदूळ, डाळ ओळीनं उभे होते. तिनं उभ्यानंच पावलांवर हात ठेवले.

"उत्तम क्षमा, आई."

"तू कायले मांगतं? मांगायची मलेच हाय."

त्रिशलाला रडू आलं. रडलं की गाल आणखी ठणकायचा, तरी आलं.

"बरं, पुरे," म्हणत जतनबाईंनी उतरायला हात पुढं केला. नमन जवळच उभा होता. तो हात त्रिशलाकडं आला.