ताईच्या दंडाला बांधलेला मी

मित्रांनो, मी एक जुना रक्तदाबमापक आहे आणि एक दंड मला अजून सोडत नाही.

माझे पूर्ण नाव घरात कोणी घेत नाही. सगळे ‘मशीन’ म्हणतात. मी पांढरा होतो, आता पिवळट झालो आहे. मला काचेचा चेहरा आहे, त्यावर आकडे उमटतात. एक रबरी नळी आहे आणि नळीच्या टोकाला कापडी पट्टा. पट्टा दंडाला गुंडाळायचा आणि कळ दाबायची. पट्ट्यात हवा भरते, दंड आवळला जातो, क्षणभर रक्त अडते. मग हवा हळूहळू सुटते आणि अडलेले रक्त दार ढकलून आत शिरते. ते ढकलणे मला ऐकू येते.

तेवढ्यासाठीच मला बनवले.

कारखान्यात तपासणीच्या टेबलावर एक बाई बसत असे. तिने माझा पट्टा स्वतःच्या दंडावर बांधला. माझ्या आयुष्यातला तो पहिला ठोका. सरळ, एकसारखा. “हा चांगला आहे,” असे म्हणून तिने मला खोक्यात ठेवले. खोक्यात अंधार होता आणि त्या अंधारात तिचा ठोका चालूच राहिला. तेव्हा मला कळले, की माणसे पट्टा सोडून निघून जातात, ठोके जात नाहीत. ते माझ्या कापडात राहतात.

हे वरदान आहे, असे मला तेव्हा वाटले होते.

(थांबा. पट्ट्यात जुना ठोका पुन्हा वाजतो आहे.)

औषधांच्या दुकानातून मला एका धिप्पाड माणसाने आणले. त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते, तरी घरात त्याला ‘बारक्या’ म्हणत. म्हणणारी एकच, त्याची थोरली बहीण. तो तिला ताई म्हणे, म्हणून मीही ताईच म्हणतो.

ताईची लाँड्री होती. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. ताई दिवसभर उभी राहून इस्त्री करी. बारक्या सायकलवर गठ्ठे आणी आणि पोचवी. दुकानात ओल्या सुताचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास असे. मला इस्त्रीच्या टेबलाच्या कडेला जागा मिळाली, तुटकी बटणे आणि सेफ्टी पिना ठेवलेल्या बशीशेजारी.

पहिल्याच दिवशी ताईने बाही वर सारली. बारक्याने पट्टा बांधला आणि मी ऐकू लागलो.

तो ठोका मी विसरू शकत नाही. दोन ठोके अगदी जवळ जवळ. मग रिकामी जागा. मग तीन, धावत. पुन्हा रिकामी जागा, या वेळी लांब. जणू कोणी अंधारात जिना उतरते आहे आणि एकही पायरी दुसरीसारखी नाही.

माझ्या काचेवर हृदयाची एक लहानशी खूण आहे. ठोका वेडावाकडा असला की ती लुकलुकते. ती लुकलुकू लागली.

“ही बघ,” बारक्या म्हणाला. “डॉक्टरीणबाई म्हणाल्या ती हीच.”

डॉक्टरीणबाईंनी दोघांना नीट समजावले होते. ताईच्या हृदयाचे वरचे कप्पे मधूनमधून लय सोडतात. आवळून रक्त पुढे ढकलायचे, तर ते नुसते थरथरतात. मग आतले रक्त साकळते, त्याची गुठळी होते आणि ती गुठळी मेंदूपर्यंत जाऊ शकते. म्हणून एक गोळी ठोका आवरण्यासाठी आणि एक रक्त पातळ ठेवण्यासाठी. ठोका सरळ झाला, बरे वाटले, तरी दुसरी गोळी थांबवायची नाही.

बारक्याने मान हलवली होती. पण त्याचे मन खाण्यापिण्यावर बसले. बहिणीसाठी आपल्या हाताने काहीतरी करता येईल, असे तेवढेच होते.

त्याने घरातले मीठ निम्म्यावर आणले. तळण बंद केले. ताईचा संध्याकाळचा कडक चहा बंद केला, तेव्हा मात्र भांडण झाले.

“वैद्यबुवा, श्वास घेतलेला चालतो ना? का तोही मोजून?”

“चालतो. पण नाकाने.”

“आणि हा कसला पाला?”

“पाला नाही, ताई. बीट, काकडी, आलं. पी गपचूप.”

“रंग बघ त्याचा! शर्टावर सांडला तर गिऱ्हाईक मला पाण्यात घालून पिळेल.”

पण ती पीत असे. संध्याकाळी शटर अर्धे ओढून दोघे चालायला जात. ताईचे वजन उतरले. झोप सुधारली. पुष्कळ दिवस माझी खूण लुकलुकलीच नाही. बारक्या दुकानात येईल त्याला मला दाखवी. “मशीन खोटं बोलत नाही. डब्यातलं मीठ कमी केलं आणि बघा!” गिऱ्हाईकेही माझ्याकडे कौतुकाने पाहत. मित्रांनो, त्या दिवसांत मी सुखी होतो. हेही खरेच आहे, की त्याने जे केले त्यातले बरेचसे चांगले होते.

ताईच्या हातांवर मात्र निळे डाग पडू लागले. टेबलाची कड जरा लागली तरी डाग. एकदा पिन टोचली आणि रक्त लवकर थांबेना. एका पांढऱ्या शर्टाची कॉलर लाल झाली. गिऱ्हाईक बाईंनी कॉलर पाहिली, मग ताईचे हात पाहिले आणि हळूच विचारले, “घरात कोणी मारतं का हो?”

बारक्या तिथेच उभा होता. तो गठ्ठा उचलून मागच्या खोलीत निघून गेला.

त्या दुपारी ताई म्हणाली, “मला ती गोळी नको, बारक्या. मला माझ्याच रक्ताची भीती वाटायला लागलीय.”

 बारक्या तिला रोज सकाळी कच्चा लसूण देत होता आणि त्याच्या जोडीला लसणाच्या कॅप्सूलही. डॉक्टरीणबाईंना त्याने हे सांगितले नव्हते. त्याला त्यांचे एक वाक्य आठवले. गोळीबरोबर असली घरगुती औषधे घेऊ नका, दोन्ही मिळून रक्त जास्तच पातळ होईल.

“दोन्ही एकत्र नकोत म्हणाल्या ना त्या?” तो म्हणाला. “मग एक बंद करू.”

“कुठलं?”

तुम्हाला उत्तर माहीत आहे. त्यांनाही ते माहीत असायला हवे होते. पण ताईला ती गोळी नकोच होती, आणि बारक्याला आपल्या हातचे सोडवत नव्हते. दोघांचे एकमत झाले. घरात किती दिवसांनी दोघे मोकळेपणाने हसले.

गोळी बंद झाली. लसूण राहिला.

डाग ओसरले. हात पुन्हा तिचे दिसू लागले. त्यामुळे दोघांची खात्री पटली.

(थांबा.)

एका सकाळी पट्टा बांधला आणि मला पुन्हा तो जिना ऐकू आला. मी खूण लावली.

“बॅटरी उतरली असेल,” बारक्या म्हणाला. त्याने नव्या घातल्या. मी पुन्हा खूण लावली. त्याने पट्टा उलटसुलट करून पाहिला, नळी फुंकली, मला दोन थापट्या मारल्या. खूण लुकलुकतच होती. मला दुसरे काही येत नव्हते.

“इतके दिवस नीट होतं. आता म्हातारं झालं हे मशीन.”

“मग राहू दे की,” ताई म्हणाली. “उगाच रोज घाबरवतं.”

तिने पट्टा व्यवस्थित गुंडाळला, एखादी कॉलर दुमडावी तसा, आणि मला टेबलाच्या खणात ठेवले. खण बंद झाला.

खणात दोरे होते, मोडके हँगर होते आणि अंधार होता. माझ्या डोक्यावर इस्त्री चाले. टेकली, सरकली, उचलली. टेकली, सरकली, उचलली. लाकडातून तो ताल माझ्यात उतरे. माझ्या कापडात तिचा दुसरा ताल होता, अडखळणारा. वरचा हात सरळ चालायचा, आतला जिना वाकडा. दोन्ही एकाच बाईचे. मी दोन्ही ऐकत पडून राही. माझ्यापाशी सांगण्यासारखे होते आणि माझ्या तोंडावर लाकूड होते.

मग एक दिवस.

टेकली. सरकली. उचलली.

टेकली. सरकली.

टेकली.

मी उचलण्याची वाट पाहत राहिलो.

आधी वास आला. सूत करपल्याचा. मग बारक्याचा आवाज, दारातून, हसत. “काय ताई, शर्ट भाजून वाढणार का आज?” ताईने काहीतरी उत्तर दिले. आवाज तिचा होता, पण त्यात एकही शब्द नव्हता. नुसता आवाज, शब्दाच्या आकाराचा. बारक्या पुन्हा हसला. मित्रांनो, ते हसू अर्ध्यावर तुटले, तो तुकडा अजून माझ्या कापडात आहे. मग इस्त्री खाली पडली आणि तिच्यामागून आणखी काहीतरी, मऊ आणि जड.

नंतर दुकानात कोणी नव्हते. वर इस्त्री नव्हती. पण माझ्या पट्ट्यात ती जिना उतरतच होती.

ताई वाचली. बारक्याने वेळ न घालवता तिला इस्पितळात नेले, म्हणून वाचली. तिथे डॉक्टरीणबाईंनी विचारले, “गोळी चालू होती?” पुढे काय झाले ते मला बारक्याच्या तोंडून कळले. घरी आल्यावर तो ते बोलणे मोठ्याने म्हणत असे, एकटाच, कपडे दुमडताना. दोघांची वाक्ये तोच बोले.

“नव्हती. लसूण देत होतो.”

“लसूण जेवणात घाला की. मीठ कमी केलंत, चालायला लावलंत, त्याचा फायदाच झाला. पण त्यानं गुठळी व्हायची थांबत नाही हो.”

“डाग पडत होते तिला.”

“मग मला येऊन सांगायचं. वेगळी गोळी देता येते, मात्रा बदलता येते. कॅप्सूल तेवढ्या बंद करायच्या होत्या.”

इथे तो थांबे. दुमडलेला शर्ट पुन्हा उलगडी आणि पहिल्यापासून सुरू करी.

ताईचा उजवा हात लोंबू लागला. बोलणे गेले. एकच शब्द उरला: उद्या. वर्षानुवर्षे गिऱ्हाइकांना तिने तोच सांगितला होता, कपडे कधी मिळतील म्हणून. बाकी सगळे पुसले गेले, तेवढा राहिला. पाणी हवे असले तरी उद्या, पाय दुखला तरी उद्या. बारक्या चुकून जास्त गरम खाऊ घाली, तेव्हा ती चिडून म्हणे, “उद्या, उद्या, उद्या!” आणि तो म्हणे, “हो गं बाई, फुंकून देतो. शिव्या तरी वेगळ्या दे.”

मला त्याने खणातून काढले. नवे मशीन आणले नाही. रोज सकाळी ताईच्या डाव्या दंडाला बांधतो, जे दिसेल ते डॉक्टरीणबाईंना कळवतो. गोळ्या चालू आहेत. कमी मिठाचे जेवणही चालू आहे आणि संध्याकाळी चार पावले चालणेही. घर नीट चालले आहे. पण मला दुकानात आणले की इस्त्री टेकल्याचा आवाज येतो, ती कोणी उचलत नाही.

आज सकाळी ताईचा पट्टा सोडल्यावर बारक्याने तो स्वतःच्या दंडाला गुंडाळला. का, ते ठाऊक नाही. बहुधा सायकल चालवताना त्याला धाप लागली होती. कळ दाबली. हवा भरली, सुटली.

दोन ठोके जवळ जवळ. रिकामी जागा. तीन, धावत.

मला वाटले, हा ताईचाच आहे, कापडातून वर आलेला. पण तो नवा होता. गरम होता. त्याच जिन्यावरून आता भाऊ उतरत होता.

खूण लुकलुकली. बारक्याने ती पाहिली. त्याने चटकन कळ दाबून माझा चेहरा विझवला आणि पट्टा सोडला. ताई समोर खुर्चीवर होती.

“काही नाही गं,” तो म्हणाला. “जागरण झालंय. आठवडाभर चहा बंद करतो, खाणं सांभाळतो. मग बघू.”

ताई त्याच्याकडे बघत राहिली. मग खुर्चीचा हात धरून उठली. पाय ओढत दारापाशी गेली. भिंतीला टेकून वाकली, डाव्या हाताने त्याची एक चप्पल उचलली, त्याच्या पायापाशी आणून टाकली. परत गेली. दुसरी आणली. तिला घाम फुटला होता.

“उद्या,” ती म्हणाली.

“हो, जाऊ की उद्या.”

“उद्या!” तिने मुठीने त्याच्या छातीवर मारले. “उद्या! उद्या!” शब्द एक सांगत होता आणि मूठ दुसरेच.

बारक्याने चप्पल घातली. दाराशी तो घुटमळला. “लसणाचंही सांगू ना त्यांना? मी अजून खातो.” ताईने त्याच्या पाठीला हात लावून त्याला बाहेर ढकलले.

मित्रांनो, तो अजून परतलेला नाही. त्याचा ठोका आता माझ्या कापडात आहे, ताईच्या शेजारी, आणि मी दोन्ही ऐकतो आहे. तुमच्या घरी कोणी सकस जेवत असेल, मीठ आवरत असेल, चालत असेल, तर त्याला साथ द्या. पण कोणी डॉक्टरांना न विचारता गोळी सोडली असेल आणि ते तुम्हाला ठाऊक असेल, तर गप्प राहू नका. माझ्याकडे एक खूण आहे. ताईकडे एक शब्द आहे. तुमच्याकडे अख्खी भाषा आहे.